बेस गिटार मुकी झाली तर

लग्नघर असो की गणेशोत्सवानंतरचा स्नेहमेळावा, आपल्या बेटावर सेगा वाजल्याशिवाय कार्यक्रम पुरा होत नाही. २०१४ साली युनेस्कोने पारंपरिक मॉरिशियन सेग्याला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले, तेव्हा रवान, मारवान आणि त्रिकोण या जुन्या वाद्यांचे कौतुक झाले व ते योग्यच झाले. पण आज हॉलमध्ये तरुण मुलांचा जो वाद्यवृंद वाजतो, त्याला खालून आधार देते ती विजेवर चालणारी बेस गिटार. आपल्याही अनेक घरांत ती आता कोपऱ्यात उभी दिसते. आणि नेमकी कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी ती मुकी होते, खरखरते किंवा भुंग्यासारखी गुणगुणत राहते. मग आजी म्हणते, "टाकून दे ते लाकूड," आणि मुलगा नवीन गिटारीसाठी बाबांकडे पाहू लागतो.

आमचे म्हणणे असे की आधी थोडी तपासणी करावी. बेस गिटारीतील बहुतेक विद्युत दोष केबल, जॅक, बॅटरी आणि बटणे या चार ठिकाणीच सापडतात, आणि त्यांना मोठा खर्च लागत नाही.

हे वाद्य आतून फार साधे आहे. अमेरिकेतील लिओ फेंडर यांनी १९५१ साली प्रिसिजन बेस आणि १९६० साली जाझ बेस बाजारात आणली. आज स्वस्तात मिळणाऱ्या कितीतरी गिटारी याच दोन नमुन्यांवर बेतलेल्या असतात. तारांखाली पिकअप असतो, म्हणजे लोहचुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत अगदी अल्प वीज निर्माण होते. ती आवाजाच्या आणि टोनच्या बटणातून जॅककडे, तेथून केबलने अँप्लिफायरकडे जाते. हा सरळ रस्ता लक्षात ठेवला की दोष शोधणे म्हणजे रस्त्यात दरड कोठे कोसळली आहे ते पाहणे.

परंतु पेचकस हातात घेण्यापूर्वी एक गोष्ट घरातील मोठ्यांनी नीट वाचावी. गिटारीतली वीज निरुपद्रवी असते, भिंतीतली नसते. गिटारीच्या तारा ब्रिजखालच्या एका वायरीने जॅकला जोडलेल्या असतात, जॅक केबलने अँप्लिफायरच्या धातूच्या पेटीला, आणि ती पेटी प्लगच्या अर्थिंगला. म्हणजे वाजवणाऱ्याची बोटे सतत त्या पेटीला लागलेली असल्यासारखीच असतात. अर्थिंग शाबूत असेल तर यात भय नाही. ते तुटले आणि अँप्लिफायरमध्ये बिघाड झाला, तर तारांमध्ये २३० व्होल्ट येऊ शकतात. मे १९७२ मध्ये वेल्समधील स्वान्सी येथे स्टोन द क्रोज या वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस हार्वे याचा भर मंचावर, मायक्रोफोनला हात लागताच, विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला.

आपल्याकडे हा धोका वेगळ्याच वाटेने येतो. आपल्या घरांत तीन चौकोनी पायांचे इंग्रजी सॉकेटही आहेत आणि दोन गोल पायांचे युरोपीय प्लगही. युरोपीय अँप्लिफायरच्या प्लगला अर्थिंग बाजूच्या धातूच्या पट्टीतून मिळते. तो प्लग दोन भोकांच्या साध्या अडॅप्टरमध्ये खुपसला की अँप्लिफायर वाजतो उत्तम, पण अर्थिंग मिळतच नाही. तेव्हा अर्थिंग पोहोचवणारा अडॅप्टरच घ्या, किंवा जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून प्लग बदलून घ्या. गुणगुण थांबावी म्हणून अर्थिंगची वायर कापण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मनुष्य कितीही अनुभवी असो, ऐकू नका. तारांना हात लावताच मुंग्या आल्यासारखे वाटले तर भिंतीवरचा स्विच बंद करा आणि त्या दिवशी वाजवणे थांबवा. अँप्लिफायरची पेटी घरी उघडू नये. जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्ह अँप्लिफायरमध्ये प्लग काढल्यावरही काही शे व्होल्ट साठून राहतात. ते काम जाणकाराचे.

आता शोध सुरू करू. आवाज अजिबात येत नाही? गिटार उघडू नका, केबल बदला. दुसरी केबल नसेल तर हीच केबल दुसऱ्या गिटारीला लावून पाहा. बाजारात स्वस्तात मिळणारा मल्टिमीटर घरात असावाच. त्याने केबलच्या एका टोकाचे टोक दुसऱ्या टोकाच्या टोकाशी, आणि दांडा दांड्याशी जोडलेला आहे ना ते पाहावे. टोक आणि दांडा यांच्यात मात्र संबंध दिसता कामा नये. तपासताना केबल प्लगजवळ थोडी वाकवावी, कारण आतली तार बहुधा तेथेच तुटते आणि केबल सरळ असताना शहाण्यासारखी वागते.

मग बॅटरी. काही गिटारींच्या पाठीवर लहानशी डबी असते व तीत ९ व्होल्टची बॅटरी बसते. या गिटारींत केबल जॅकमध्ये घालताच बॅटरी सुरू होते आणि केबल काढल्यावरच बंद होते. म्हणजे रात्री केबल तशीच राहिली तर बॅटरी रात्रभर झिजत राहते. आवाज फाटू लागला, क्षीण झाला किंवा एकाएकी गेला, की प्रथम नवी बॅटरी घालून पाहावी. त्याने काम झाले नाही आणि जॅकही ठीक असला, तर अशा गिटारीच्या आतील सर्किटला घरी हात न लावलेला बरा.

आमच्या मते सर्वांत जास्त दोष जॅकचा असतो, आणि सर्वांत कमी लक्ष त्याच्याकडे जाते. केबल आतबाहेर करून बाहेरचे नट सैल होते. मुलगा ते बोटाने घट्ट करतो तेव्हा नटाबरोबर आतला सगळा जॅकच फिरतो, त्याला जोडलेल्या दोन वायरी पिळल्या जातात आणि एके दिवशी त्यांतली एक तुटते. म्हणून पाठीची किंवा जॅकची पट्टी उघडून, आतून जॅक धरून मगच नट आवळावे. केबल हलवल्यावर आवाज येतो-जातो अशी तक्रार असेल तर जॅकमधील वाकडी पट्टी थोडी आत वाकवावी, म्हणजे ती प्लगच्या टोकाला घट्ट टेकेल. आपल्या हवेचाही यात वाटा आहे. वाक्वा-क्युरपीपची ओल आणि किनाऱ्यावरची खारी हवा यांनी धातूवर काळपट थर चढतो. केबल काढून कापडाच्या पातळ तुकड्याला थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून तो पुसावा.

बटण फिरवताना खरखर आली तर ती बटणाखालच्या पॉटची धूळ. विजेच्या संपर्कासाठी मिळणाऱ्या स्प्रेचा एक फवारा पॉटच्या फटीत मारून बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवावे. खोबरेल किंवा शिलाई यंत्राचे तेल मुळीच घालू नये. ते आणखी धूळ धरते. पॉट बदलायचेच असेल तर जुन्याच्या पाठीवरचा आकडा वाचून तसेच आणावे. प्रिसिजन आणि जाझ घडणीत तो बहुधा २५० किलो-ओहम असतो.

गुणगुणीचा प्रकार मात्र जरा विचाराने सोडवावा लागतो. तारांना हात लावताच गुणगुण कमी झाली, तर ब्रिजची वायर जागेवर आहे. खोलीतील ट्यूबलाइट, डिमर, मोबाइलचा चार्जर यांपासून दूर जाऊन पाहा. तारांना हात लावून फरक नाही, पण जॅकच्या धातूला बोट लावताच गुणगुण बसते, तर ब्रिजची वायर सुटली आहे. मल्टिमीटरने ब्रिज आणि जॅकचा दांड्याकडील भाग यांत जवळजवळ शून्य ओहम दिसले पाहिजेत. कोणी दुरुस्ती करून दिल्यानंतर तारांना हात लावताच गुणगुण वाढू लागली, तर जॅकवरच्या दोन वायरी उलट लागल्या असण्याचा संभव फार. आणि जाझ बेसचे एकच पिकअप वाजवताना थोडी गुणगुण येते, दोन्ही पूर्ण उघडल्यावर नाहीशी होते, हा दोष नव्हे. त्या गिटारीची रचनाच तशी आहे.

एवढे करून आवाज नसेल तर पिकअप पाहावा. आवाज बारीक ठेवून पेचकसाच्या टोकाने पिकअपच्या चुंबकावर हलके टिचकी मारा. टक् असा आवाज आला तर तो जिवंत आहे. बॅटरी नसलेल्या गिटारीत केबल लावून, बटणे पूर्ण उघडून, केबलच्या मोकळ्या टोकाशी ओहम मोजता येतात. प्रिसिजनमध्ये साधारण १० ते ११ किलो-ओहम, जाझमध्ये एका पिकअपचे ७ ते ८, आणि दोन्ही उघडे असतील तर त्याच्या निम्मे. प्रिसिजनवर २५० च्या जवळपास आकडा आला तर समजावे की आपण केवळ पॉट मोजत आहोत आणि पिकअपची वायर कोठेतरी सुटली आहे. बहुतेक वेळा ती सोल्डरच्या जागीच सुटलेली असते.

सोल्डर, ज्याला आपले जुने तांबट डाख म्हणत, लावणे अवघड नाही. चाळीस वॉटची इस्त्री, राळ भरलेले विजेच्या कामाचे सोल्डर आणि उघडी खिडकी एवढे पुरे. नळकामाची पेस्ट वापरू नये, ती वायर खाते. आधी मोबाइलवर सर्व वायरींचा फोटो घ्या आणि गिटारीच्या रंगावर जुने कापड पसरा. जोड तापवावा, मग तापलेल्या जोडावर सोल्डर टेकवावे. करड्या, ओबडधोबड गोळीसारखा दिसणारा जोड कच्चा असतो. तो पुन्हा तापवावा. काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत, कारण सोल्डरमध्ये बहुधा शिसे असते, आणि लहान मुलांना त्या टेबलापासून दूर ठेवावे.

पट्टीचे सर्व स्क्रू बसवण्याआधी केबल लावून पिकअपवर पुन्हा एक टिचकी मारून पाहा. टक् ऐकू आले की मगच स्क्रू लावा.