वृत्तपत्राचे स्वामित्व व कंपनीचे विधिरूप : बेनेट, कोलमन आणि कंपनी

आपल्याकडे वृत्तपत्रांचा इतिहास बहुधा संपादकांच्या चरित्रांतून लिहिला गेला आहे. त्यामुळे पत्राची मालकी कोणाकडे होती, ती कशी पालटली आणि त्या पालटाचा पत्राच्या स्वातंत्र्याशी कोणता संबंध होता, हे प्रश्न मागे पडतात. ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे प्रकाशन करणाऱ्या बेनेट, कोलमन आणि कंपनीचा इतिहास ह्या दृष्टीने उद्बोधक आहे.

ह्या पत्राचा पहिला अंक ३ नोव्हेंबर १८३८ रोजी मुंबईत ‘बॉम्बे टाइम्स’ ह्या नावाने निघाला. प्रारंभी ते आठवड्यातून दोनदा निघे. १८५० मध्ये ते दैनिक झाले. त्याच्या भागधारकांत एतद्देशीय व्यापारीही होते. १८५७ च्या उठावाच्या वेळी संपादक जॉर्ज बुइस्ट यांनी हिंदी लोकांविरुद्ध जहाल लेखन केले, तेव्हा ह्या भागधारकांनी त्यांना दूर करविले. त्यांच्या जागी रॉबर्ट नाइट आले. पुढे नाइट यांनी हिंदी भागधारकांचे भाग विकत घेतले आणि १८६१ मध्ये पत्रास आजचे नाव दिले. भागधारक संपादकास घालवू शकतात आणि संपादक भागधारकांस विकत घेऊ शकतो, ह्या दोन्ही गोष्टी येथे चारपाच वर्षांच्या अवधीत घडल्या.

१८९२ मध्ये टी. जे. बेनेट व एफ. एम. कोलमन यांनी हा व्यवसाय आपल्या हाती घेतला. १९१३ मध्ये तो मर्यादित कंपनी म्हणून नोंदला गेला. आता पत्राचे आयुष्य कोणा एका मालकाच्या आयुष्याशी बांधलेले राहिले नाही. परंतु भागांच्या हस्तांतराबरोबर पत्रही हस्तांतरित होऊ शकते, हा त्याच व्यवस्थेचा दुसरा परिणाम होय. १९४६ मध्ये रामकृष्ण दालमिया यांनी कंपनी विकत घेतली आणि काही वर्षांत ती त्यांचे जामात साहू शांतिप्रसाद जैन यांच्याकडे गेली. १९५६ मध्ये दालमिया-जैन उद्योगसमूहाच्या चौकशीसाठी आयोग नेमला गेला. त्याचे अध्यक्षपद आधी न्या. तेंडोलकर व नंतर न्या. व्हिव्हियन बोस यांच्याकडे होते. पुढे शासनाच्या अर्जावरून मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट १९६९ मध्ये संचालक मंडळाची पुनर्रचना केली. १९७६ मध्ये, आणीबाणीच्या काळात, कारभार पुन्हा जैन कुटुंबाकडे आला.

पुनर्रचित मंडळ कारभार पाहत असतानाच कंपनीचे नाव घटनात्मक इतिहासात नोंदले गेले. १९७२-७३ च्या वृत्तपत्री कागदाच्या धोरणाने मोठ्या दैनिकांवर दहा पृष्ठांची मर्यादा घातली होती. तिच्याविरुद्धच्या याचिकेत पहिला अडथळा विधिरूपाचाच होता. भाषण-स्वातंत्र्याचा हक्क घटना नागरिकास देते आणि कंपनी नागरिक नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्येच ठरविले होते. ३० ऑक्टोबर १९७२ च्या निर्णयात बहुमताने असे मानले की, कंपनीच्या द्वारे व्यक्त होणारे भागधारकांचे व संपादकांचे स्वातंत्र्य कंपनी स्थापन झाल्यामुळे लोपत नाही. पृष्ठमर्यादा अवैध ठरली. न्या. मॅथ्यू यांनी मात्र भिन्नमत नोंदविले. त्यांच्या मते दुर्मिळ साधनाची वाटणी आणि विविध मतांना मिळणारा वाव हाही अभिव्यक्ति-स्वातंत्र्याचाच भाग होता.

ह्या इतिहासातून निघणारा निष्कर्ष दुहेरी आहे. शासनापासून पत्राचे रक्षण करण्यासाठी न्यायालयाने कंपनीच्या आवरणाआडचा नागरिक शोधला. परंतु त्या नागरिकांत भागधारक व संपादक यांचे हितसंबंध भिन्न असू शकतात, हे बुइस्ट यांच्या प्रकरणातच दिसून आले होते. शासनाविरुद्ध दोघे एका बाजूस उभे राहिले. परस्परांविरुद्ध उभे राहिल्यास संपादकाचे स्वातंत्र्य कितपत टिकेल, ह्याचे उत्तर त्या निर्णयात नाही. वृत्तपत्राच्या अभ्यासकाने म्हणून अग्रलेखांच्या संचिकेबरोबर भागधारकांची नोंदवहीही उघडली पाहिजे.