मेव्हन प्लगइन लिहिताना कुठलं ॲनोटेशन कुठे? @पॅरामीटर, @कम्पोनंट आणि @इंजेक्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलण्यातले "म्हणजे" आणि "बरं का" थोडे कमी केलेत. सगळे नाही.

आजचा विषय एका श्रोत्याच्या प्रश्नावरून घेतलाय. त्यांच्या टीमचं एक जुनं मेव्हन प्लगइन आहे आणि कंपनीतले बरेच प्रोजेक्ट त्यावर चालतात. त्यात ठिकठिकाणी @कम्पोनंट आहे, आणि आता बिल्ड करताना "हे डेप्रिकेटेड आहे" असे इशारे येतात. म्हणून कुणीतरी एका फील्डवरचं @कम्पोनंट काढून @इंजेक्ट लावलं. कंपाइल झालं. पण चालवल्यावर नल पॉइंटर एक्सेप्शन! तेव्हापासून त्या कोडला हात लावायला कुणी तयार नाही.

हे असं का होतं ते कळायला आधी एक गोष्ट लक्षात घ्या. प्लगइनमधली ॲनोटेशन्स दिसायला एकसारखी असली, तरी ती वाचणारे वेगवेगळे आहेत. कोण वाचतं आणि कधी वाचतं, यावर सगळं ठरतं.

@मोजो, @पॅरामीटर आणि प्लगइन-टूल्सचं @कम्पोनंट ही तिन्ही बिल्डच्या वेळी वाचली जातात. तुम्ही प्लगइन बांधता तेव्हा मेव्हनचं प्लगइन-प्लगइन (हो, नाव असंच आहे) तुमचे मोजो क्लास तपासतं आणि त्यातून प्लगइन डॉट एक्सएमएल ही डिस्क्रिप्टर फाइल तयार करतं. पुढे प्लगइन चालताना मेव्हन ती फाइल बघतं, ॲनोटेशन बघत नाही. याउलट @इंजेक्ट, @नेम्ड, @सिंगलटन ही प्लगइन चालताना वाचली जातात. ते काम सिसू आणि त्याच्या पोटातलं गाइस करतं.

याचा रोजच्या कामातला परिणाम असा की @पॅरामीटर किंवा ते @कम्पोनंट तुम्ही मोजो सोडून दुसऱ्याच एखाद्या मदतनीस क्लासमध्ये लावलं, तर ते कुणीच वाचत नाही. एरर येत नाही, इशारा येत नाही, फील्ड नुसतं नल राहतं.

त्यात @कम्पोनंट नावाचे गडी तीन. एक प्लगइन-टूल्सचं, जे फील्डवर लागतं आणि म्हणतं "इथे मला अमुक आणून दे". दुसरं जुन्या प्लेक्सस कंटेनरचं, जे क्लासवर लागतं आणि म्हणतं "मी वापरायला उपलब्ध आहे". म्हणजे अगदी उलटा अर्थ! तिसरं स्प्रिंगचं, त्याचा मेव्हनशी काही संबंध नाही, पण आयडीई ते आनंदाने इम्पोर्ट करून देतो. पहिली दोन्ही आता डेप्रिकेटेड आहेत. नव्या कोडमध्ये तिन्ही नकोत.

थोडा इतिहास. मेव्हनचा मूळ कंटेनर प्लेक्सस. २००९ मध्ये जावाच्या जगात जेएसआर-३३० हे छोटंसं स्टँडर्ड आलं, बॉब ली आणि रॉड जॉन्सन यांच्या पुढाकाराने. @इंजेक्ट, @नेम्ड, @सिंगलटन, प्रोव्हायडर ही सगळी त्यातलीच. २०१० च्या मेव्हन ३.० मध्ये आतला कंटेनर बदलून गाइस आणि सिसू आले, चेहरा मात्र प्लेक्ससचाच ठेवला. प्लगइन लिहिणाऱ्यांना जेएसआर-३३० उघडपणे वापरता येऊ लागलं ते ३.१.० पासून, म्हणजे २०१३ पासून. आज ३.१ च्या आधीचं मेव्हन कुणी वापरत असेल, तर त्याचा प्रश्न ॲनोटेशनचा नाही.

आता श्रोत्याच्या नल पॉइंटरकडे येऊ. @इंजेक्ट टाइप केलं की आयडीई दोन-तीन पॅकेजं पुढे करतो: जाव्हाएक्स डॉट इंजेक्ट, जकार्ता डॉट इंजेक्ट, कधी गाइसचं स्वतःचं. नवीन म्हणून हात जकार्ताकडे जातो. पण मेव्हन ३.९ सोबत येणारं गाइस जाव्हाएक्सचंच @इंजेक्ट ओळखतं. जकार्ताचं ॲनोटेशन त्याच्या लेखी नुसती सजावट. फील्ड रिकामं राहतं आणि वापरायला गेलं की स्फोट. तेव्हा मेव्हन ३ साठी जाव्हाएक्स डॉट इंजेक्ट घ्यायचं, आणि पॉममध्ये ती डिपेंडन्सी प्रोव्हायडेड स्कोपमध्ये ठेवायची, कारण ती मेव्हन स्वतःच पुरवतं.

शक्य असेल तिथे फील्डऐवजी कन्स्ट्रक्टरवर @इंजेक्ट लावा, असं मी सांगेन. टेस्ट लिहिताना मॉक थेट हातात देता येतो हा फायदा आहेच. पण त्याहून मोठा फायदा वेगळा आहे: पॅकेज चुकलं तर ऑब्जेक्टच तयार होत नाही आणि योग्य कन्स्ट्रक्टर सापडला नाही, असं गाइस तोंडावर सांगतं. मुकाट नल मिळण्यापेक्षा हे कधीही बरं. फक्त एक पथ्य पाळा. @पॅरामीटरच्या किमती ऑब्जेक्ट तयार झाल्यावर भरल्या जातात, त्यामुळे कन्स्ट्रक्टरमध्ये त्या वाचू नका. त्या एक्झिक्यूट मेथडमध्ये वाचायच्या.

मग @पॅरामीटर कशाला आणि @इंजेक्ट कशाला? पॉममध्ये किंवा कमांड लाइनवर कुणी लिहू शकतो अशी किंमत असेल, जसं की फाइलचा पत्ता, हो-नाहीचा स्विच किंवा एखादी यादी, तर @पॅरामीटर. काम करणारा ऑब्जेक्ट असेल तर @इंजेक्ट. मेव्हनप्रोजेक्ट आणि मेव्हनसेशन हे मधले पाहुणे. पूर्वी लोक त्यांनाही @कम्पोनंट लावायचे. मोजोमध्ये मी त्यांना @पॅरामीटर लावतो, डिफॉल्ट व्हॅल्यू म्हणून डॉलर आणि महिरपी कंसात प्रोजेक्ट किंवा सेशन लिहून, सोबत रीडओन्ली ट्रू.

तुमचे स्वतःचे मदतनीस क्लास इंजेक्ट करायचे तर त्यांच्यावर @नेम्ड हवं. मोजोवर ते लागत नाही, तो डिस्क्रिप्टरमधून सापडतो. पण नुसतं @नेम्ड लावून भागत नाही. मेव्हन जारमधले सगळे क्लास उघडून बघत बसत नाही, मेटा-इन्फमधली सिसूची इंडेक्स फाइल बघतं. ती तयार करायला सिसू-मेव्हन-प्लगइनचा मेन-इंडेक्स हा गोल पॉममध्ये जोडावा लागतो. "सगळं बरोबर आहे, तरी माझा क्लास सापडत नाही" अशी तक्रार असेल, तर जार उघडून आधी ही फाइल आहे का बघा.

आणखी एक खाचखळगा नावाचा. समजा तुमचं प्लगइन रिपोर्ट काढतं, आणि जेसन, एचटीएमएल असे लेखक तुम्ही मॅपमध्ये इंजेक्ट करून घेता. ही सोय फार छान आहे: नवा फॉरमॅट आला की नवा क्लास टाकायचा, बाकी काही बदलायचं नाही. पण @नेम्ड रिकामं सोडलंत तर मॅपमधली किल्ली "जेसन" नसते, पॅकेजसकट क्लासचं पूर्ण नाव असतं. आणि क्लासचं नाव "डिफॉल्ट"ने सुरू होत असेल, तर किल्ली "डिफॉल्ट" होते. म्हणून तिथे नाव स्वतः लिहा.

आता खरा निर्णय, ज्याकडे लोक सहसा बघत नाहीत: @सिंगलटन. तो लावला नाही तर मागेल त्याला नवा ऑब्जेक्ट मिळतो. लावला तर एकच ऑब्जेक्ट सगळ्यांना, आणि "सगळ्यांना" म्हणजे मल्टिमॉड्यूल बिल्डमधल्या सगळ्या मॉड्यूल्सना. वजा-टी देऊन समांतर बिल्ड चालवलं की अनेक थ्रेड एकाच वेळी त्याच ऑब्जेक्टमध्ये शिरतात. त्यात चालू प्रोजेक्टचं नाव एखाद्या फील्डमध्ये ठेवलेलं असेल, तर एका मॉड्यूलचा रिपोर्ट दुसऱ्याच्या फोल्डरमध्ये जाऊन पडतो. तोही कधीतरीच, आणि बहुतेकदा सीआयवर. म्हणून सिंगलटनमध्ये प्रोजेक्ट साठवू नका, मेथडला आर्ग्युमेंट म्हणून द्या. मोजोवर थ्रेडसेफ ट्रू लिहिण्याआधी हे तपासायचं असतं. ते लिहिलं की मेव्हनचा इशारा थांबतो, कोड आपोआप सुरक्षित होत नाही.

मेव्हन डेमन वापरत असाल तर आणखी एक पदर आहे. डेमन प्लगइनचे क्लासलोडर एका बिल्डनंतर दुसऱ्या बिल्डसाठीही राखून ठेवतो. स्टॅटिक फील्डमध्ये कॅश ठेवलं असेल, तर सकाळच्या बिल्डचा माल दुपारी हजर. गंमत म्हणजे स्नॅपशॉट आवृत्तीचे प्लगइन तो राखत नाही, त्यामुळे प्लगइन विकसित करताना हे दिसणारच नाही, रिलीज केल्यावर दिसेल. एका मोजोच्या एका धावेपुरताच ऑब्जेक्ट हवा असेल, तर मेव्हन ३.२.१ पासून @मोजोएक्झिक्यूशनस्कोप्ड आहे. त्या स्कोपमधल्या क्लासला मेव्हनप्रोजेक्ट थेट इंजेक्टही करता येतो.

ग्रेडलवाल्यांसाठी दोनच वाक्यं. तिथेही जाव्हाएक्सचंच @इंजेक्ट आहे, कन्स्ट्रक्टरवर किंवा ॲबस्ट्रॅक्ट गेटरवर, पण ते ऑब्जेक्टफॅक्टरीसारख्या ग्रेडलच्या स्वतःच्या सेवांसाठी. तुमचे क्लास ते शोधून जोडून देत नाही.

मेव्हन ४ ने स्वतःचा नवा एपीआय आणला आहे आणि त्यात स्वतःचं @इंजेक्ट, @नेम्ड, @सिंगलटनही. म्हणजे आयडीईच्या यादीत अजून एक भर. त्या एपीआयवर लिहिलेलं प्लगइन मेव्हन ३ वर चालणार नाही, तर जाव्हाएक्सवर लिहिलेलं साधं प्लगइन दोन्हीकडे चालू शकतं. कंपनीत अजून मेव्हन ३ असेल तर आत्ता जाव्हाएक्सवरच थांबा.

आणि श्रोत्याच्या प्लगइनचं काय? क्रम असा ठेवा: आधी पॉममध्ये जाव्हाएक्स डॉट इंजेक्ट आणि सिसूचा इंडेक्स गोल जोडा, बाकी कशाला हात लावू नका. मग प्लेक्ससच्या @कम्पोनंटवाल्या क्लासना @नेम्ड लावा. जुना हिंट असेल तोच नाव म्हणून द्या, नसेल तर "डिफॉल्ट" असं स्वतः लिहा. आणि इथे @सिंगलटनही लावा, कारण प्लेक्ससमध्ये तो न सांगताच मिळत होता. ते जमलं की मोजोमधली फील्ड एकेक करून कन्स्ट्रक्टरमध्ये हलवा, आणि प्रत्येक पायरीनंतर एखाद्या मल्टिमॉड्यूल प्रोजेक्टवर वजा-टी ४ देऊन चालवून बघा.