सोसायटीची बाग आणि पाण्याचे नियम : सात गैरसमज

नव्या गृहप्रकल्पाच्या माहितीपत्रकात इमारतीच्याही आधी डोळ्यांत भरते ती हिरवळ. ताबा मिळून दोन उन्हाळे सरले की त्याच हिरवळीवरून सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत वाद पेटतात. टँकरचा खर्च कुणी द्यायचा, माळ्याने भर दुपारी नळी का लावली, बाग जगवायची की पाणी वाचवायचे? दोन्ही बाजू नियमांचा हवाला देतात आणि बहुतेक वेळा नियम दोन्ही बाजूंनी वाचलेला नसतो.

महाराष्ट्रात नव्या बांधकामांच्या बागेचा आणि पाण्याचा संबंध मुख्यतः दोन ठिकाणी येतो. पहिली म्हणजे डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेली एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, म्हणजेच यूडीसीपीआर. मुंबई महापालिका आणि काही विशेष प्राधिकरणांचे क्षेत्र वगळता ती राज्यभर चालते. मुंबईची नियमावली वेगळी आहे. दुसरी म्हणजे पर्यावरण मंजुरी. केंद्राच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकाम क्षेत्राच्या प्रकल्पांना ती घ्यावी लागते आणि तिच्यासोबत अटींची लांबलचक यादी येते. या दोन्हींच्या आधारे रोज कानावर पडणारे सात समज तपासून पाहू.

गैरसमज १ : नियमाने मोकळी जागा सोडावी लागते, म्हणजे तिथे लॉन करावेच लागते.

वस्तुस्थिती : चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर दहा टक्के मनोरंजनासाठीची खुली जागा सोडावी लागते, हे खरे. पण ती लॉनने मढवा असे नियम कुठेच म्हणत नाही. पर्यावरण मंजुरीच्या अटींचा रोख तर वेगळाच असतो. दर ८० चौरस मीटर जमिनीमागे किमान एक झाड, स्थानिक जातींना प्राधान्य आणि खुल्या जागेपैकी किमान २० टक्के भाग पाणी मुरेल असा, या त्यातल्या नेहमीच्या अटी. लॉन ही विक्रीची गरज आहे, नियमाची नाही. ते काढून तिथे झाडे, झुडपे आणि खेळायला मातीचे मैदान केले तर बहुतेक ठिकाणी कोणत्याही अटीचा भंग होत नाही. फक्त मंजूर नकाशात तिथे काय दाखवले आहे ते आधी पाहावे.

गैरसमज २ : बागेला असे किती पाणी लागणार? घरातल्या वापरापुढे ते किरकोळच.

वस्तुस्थिती : हा हिशेब कागदावर मांडून बघण्यासारखा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. पुण्यासारख्या कोरड्या हवेत एप्रिल-मे महिन्यांत ऊन आणि वारा मिळून जमीन व पाने यांतून रोज सहा मिलिमीटर पाणी सहज ओढून नेतात. आपल्याकडच्या लॉनच्या गवताला त्यातले सुमारे ८० टक्के भरून द्यावे लागते. पाचशे चौरस मीटर लॉन धरले तर रोजची निव्वळ गरज २,४०० लिटर. फवारा मारताना चौथा हिस्सा वाऱ्यावर किंवा फरशीवर जातो असे धरले, तर टाकीतून रोज ३,२०० लिटर काढावे लागतात.

शहरी पाणीपुरवठ्याचे गणित माणशी रोज १३५ लिटर असे मांडले जाते. म्हणजे हा एक मध्यम आकाराचा लॉनचा तुकडा उन्हाळ्यात जवळजवळ चोवीस माणसांचे पाणी पितो. शिवाय हल्ली बरीचशी बाग पार्किंगच्या स्लॅबवर, पोडियमवर असते. तिथे मातीचा थर जेमतेम फूट-दीड फूट. मुळांना खाली ओल शोधायला जागाच नसते, म्हणून तिथे पाणी वरचेवर द्यावे लागते.

गैरसमज ३ : एसटीपी आहे ना? मग बागेला ताजे पाणी लागतच नाही.

वस्तुस्थिती : एसटीपी म्हणजे सांडपाणी प्रक्रिया यंत्रणा. सगळ्यांत जास्त घोळ इथेच होतो.

यूडीसीपीआरनुसार गृहसंकुलाचे बांधकाम क्षेत्र दोन हजार चौरस मीटर किंवा जास्त असेल, अथवा पाण्याचा वापर दिवसाला २० हजार लिटर असेल, तर सांडपाण्याच्या पुनर्वापराची यंत्रणा उभारावी लागते. ते पाणी बाग, गाड्या धुणे आणि शौचालयाचे फ्लश यांसाठीच वापरायचे. पिणे, अंघोळ, भांडी, कपडे यांसाठी मुळीच नाही. नकाशावर त्याच्या वाहिन्या आणि टाक्या वेगळ्या रंगांत दाखवाव्या लागतात.

आता शंभर सदनिकांचे, चारशे माणसांचे संकुल घ्या. रोजचा वापर ५४ हजार लिटर. त्यातले ८० टक्के सांडपाणी म्हणून परत येते असे धरले तर सुमारे ४३ हजार लिटर. माणशी ४५ लिटरप्रमाणे फ्लशला १८ हजार गेले तरी २५ हजार लिटर उरतात. दीड हजार चौरस मीटर लॉनची उन्हाळ्यातली भूक वरच्या हिशेबाने रोज ९,६०० लिटर. म्हणजे यंत्रणा नीट चालली तर पाणी पुरून उरते.

पण संकुल पहिल्या दिवशी भरत नाही. सुरुवातीला तीसच घरांत लोक राहायला आले तर? माणसे १२०, सांडपाणी साधारण १३ हजार लिटर, फ्लश वजा जाता हातात साडेसात हजार. बागेची भूक मात्र तेवढीच, ९,६०० लिटर. कारण बाग विक्रीसाठी आधीच पूर्ण लावलेली असते. त्यातच प्रक्रिया करणाऱ्या जिवाणूंना पुरेसे सांडपाणी मिळाले नाही की पाणी नीट शुद्ध होत नाही, वास येतो, रहिवासी तक्रार करतात आणि कुणीतरी पंप बंद करते. तिथून पुढे बाग बोअर किंवा टँकरवर जगते, आणि लोक पूर्ण राहायला आल्यावरही तीच सवय चालू राहते.

यावरचा उपाय आराखड्यातच करायचा असतो. बाग टप्प्याटप्प्याने लावायची, लॉन शेवटी आणि थोडे, आणि एसटीपी कमी भारावरही चालेल अशा दोन भागांत बांधायचा. ताबा घेताना सोसायटीने ‘एसटीपी आहे का’ एवढेच विचारून भागत नाही. ‘रोज किती लिटर पाणी प्रक्रिया होऊन बाहेर पडते आणि ते कुठे जाते’ हे मीटरच्या नोंदीसह विचारावे.

गैरसमज ४ : ठिबक बसवले की पाणी आपोआप वाचते.

वस्तुस्थिती : ठिबकचे महत्त्व महाराष्ट्राला सांगायला नको, जळगावची केळी आणि नाशिकची द्राक्षे त्याच्यावर उभी आहेत. पण शेतकरी ठिबकवर रोज फेरी मारतो आणि सोसायटीत त्याच्याकडे कुणी बघत नाही, हा फरक मोठा आहे. प्रक्रिया केलेल्या पाण्यात बारीक गाळ आणि शेवाळ असते. गाळणी वेळच्या वेळी धुतली नाही तर तोट्या बुजतात. मग माळी नळी कापून पाणी सोडून देतो आणि ठिबक नावापुरते उरते.

दुसरी चूक टायमरची. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटे लावलेला टायमर जुलैच्या पावसातही तसाच चालतो. पाऊस पडला की पुरवठा तोडणारा सेन्सर स्वस्त असतो, पण तो बसवलेला क्वचित दिसतो. तिसरी चूक झाडांची. रोप लावताना खोडाजवळ ठेवलेली तोटी झाड वाढले तरी तिथेच राहते. मुळे केव्हाच बाहेर पसरलेली असतात आणि पाणी मात्र बुंध्याशी पडत राहते. झाड वाढेल तशा तोट्या बाहेर सरकवाव्या लागतात. आणि लॉन, झुडपे, झाडे यांना एकाच व्हॉल्ववर जोडले तर सर्वांत तहानलेल्याच्या हिशेबाने सगळ्यांना पाणी जाते.

गैरसमज ५ : देशी झाडांना पाणी लागत नाही, परदेशी झाडे पाणी पितात.

वस्तुस्थिती : बहावा, पळस, कडुनिंब, करंज, कांचन, आपटा ही झाडे आपल्या उन्हाळ्याला सरावलेली आहेत, हे खरे. पण रोपवाटिकेतून आलेल्या रोपाला मुळे खोल जाईपर्यंत पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी द्यावेच लागते. ‘देशी आहे, जगेल’ म्हणून सोडून दिलेली रोपे पहिल्याच मे महिन्यात वाळतात आणि मग झाडांची संख्या फक्त अहवालात उरते. उलट बोगनवेल आणि पांढरा चाफा मूळचे अमेरिका खंडातले, तरी दोघेही कमी पाण्यात तग धरतात. तेव्हा देशी जातींना पसंती द्यावी ती पक्षी, कीटक आणि एकूण परिसंस्थेसाठी. पाण्याचा हिशेब मात्र जातीनुसार वेगळा करावा.

आणि गळलेली पाने झाडून कचऱ्यात टाकू नयेत. झाडाच्या आळ्यात दोन-तीन इंच पाचोळ्याचा थर राहिला की ओल टिकते. हे फुकटचे पाणी आहे.

गैरसमज ६ : सरळ फरशी आणि खडी घातली की प्रश्नच मिटला.

वस्तुस्थिती : पाणी मुरेल अशी जागा ठेवण्याची अट वर आलीच आहे. भोके असलेले पेव्हर ब्लॉक त्यात धरले जातात, पण त्यांचा किमान निम्मा भाग उघडा हवा. अखंड फरशीवरून पावसाचे पाणी थेट रस्त्यावर जाते, जमिनीत काहीच उतरत नाही आणि उन्हाळ्यात तापलेली फरशी तळमजल्यावरच्या घरांना भाजून काढते. पाणी वाचवणारी बाग म्हणजे बाग नसणे नव्हे.

इथे कॅलिफोर्नियाचे उदाहरण वारंवार दिले जाते, ‘तिथे तर लॉनवर बंदीच आहे’ असे. प्रत्यक्षात तिथल्या राज्याच्या आदर्श नियमावलीत नव्या बागेसाठी पाण्याचे अंदाजपत्रक ठरते. २०१५ च्या दुष्काळात ती कडक झाली आणि पाचशे चौरस फुटांपासूनच्या नव्या बागांना लागू झाली. घराच्या बागेला त्या हवेत जमीन व पाने यांतून उडून जाणाऱ्या पाण्याच्या ५५ टक्के, तर व्यापारी जागेच्या बागेला ४५ टक्के पाणी, अशी मर्यादा आहे. त्या मर्यादेत बसवून घराच्या बागेत थोडे लॉन करता येते. मग बाकीची झाडे कमी पाण्याची निवडावी लागतात. फवाऱ्याने पाणी रात्री आठ ते सकाळी दहा या वेळेतच द्यायचे आणि मातीवर तीन इंच आच्छादन घालायचे, हेही त्यात आहे.

आपल्या यूडीसीपीआरमध्ये नेमके हेच नाही. बागेला कोणते पाणी द्यायचे ते तिच्यात आहे, किती द्यायचे त्याचा आकडा नाही. बागेची पाण्याची गरज मुळातच कमी करण्याला गुण मिळतात ते ग्रिहासारख्या हरित इमारत मानांकनांत. ती ऐच्छिक असली तरी मानांकन मिळवणाऱ्या प्रकल्पांना श्रेणीनुसार मूळ चटईक्षेत्रावर ३, ५ किंवा ७ टक्के प्रोत्साहनपर चटईक्षेत्र देण्याची तरतूद यूडीसीपीआरमध्ये आहे.

गैरसमज ७ : रेनवॉटर हार्वेस्टिंग केले, भोगवटा प्रमाणपत्र मिळाले, आता नियमांचा संबंध संपला.

वस्तुस्थिती : आधी पावसाच्या पाण्याचे बघू. हजार चौरस मीटर गच्चीवर ७०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला ८० टक्के हाती आला, तर ५ लाख ६० हजार लिटर पाणी मिळते. पण पाऊस चार महिन्यांत पडतो आणि बागेला तहान लागते नोव्हेंबर ते मे. एवढे पाणी साठवायला वीस मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि जवळजवळ तीन मीटर खोल टाकी लागेल. ती क्वचितच कुणी बांधते, म्हणून बहुतेक पाणी जमिनीत मुरवले जाते. ते आवश्यकच आहे, पण आपल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांमधून आणि झिजलेल्या थरांतूनच साठते व वाहते. मुरवलेले पाणी मे महिन्यात आपल्याच बोअरला मिळेल, अशी हमी नसते.

पाचशे चौरस मीटर किंवा अधिक क्षेत्राच्या भूखंडावरील नव्या बांधकामाला रेनवॉटर हार्वेस्टिंगची यंत्रणा बंधनकारक आहे. ती उभारली नाही किंवा सांभाळली नाही, तर दर १०० चौरस मीटर बांधकामामागे वर्षाला एक हजार रुपयांपर्यंत आकारणी होऊ शकते. दहा हजार चौरस मीटरच्या संकुलाला ती लाखापर्यंत जाते. पुनर्वापराच्या पाण्याची दर सहा महिन्यांनी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासणी करून घेण्याची जबाबदारी खरेदीखतातल्या कलमाने सोसायटीकडे येते. पर्यावरण मंजुरी असलेल्या प्रकल्पांचा अटीपूर्ततेचा अहवाल दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो. भोगवटा प्रमाणपत्रानंतर यातले काहीही संपत नाही, फक्त खिसा बदलतो. आधी विकासकाचा, नंतर तुमचा.

म्हणून घर घेताना कार्पेट एरिया आणि पार्किंगइतक्याच बारकाईने बागेची चौकशी करा. लॉन किती चौरस मीटर, त्यातले पोडियमवर किती, बागेच्या पाण्याला वेगळा मीटर आहे का, एसटीपीचा शेवटचा तपासणी अहवाल कधीचा, हे प्रश्न करारावर सही करण्याआधी विचारा. ताबा मिळाला असेल तर पुढच्या सर्वसाधारण सभेत पहिला ठराव बागेच्या पाण्याला मीटर बसवण्याचा आणा. आकडा हातात आला की लॉनचा कोणता तुकडा ठेवायचा आणि कोणता काढायचा, हे भांडणाशिवाय ठरवता येते.