दंतोद्भव, रुदन आणि सहावा महिना

पाच-सहा महिन्यांचे अर्भक किरकिर करू लागले की घरातील वडीलधाऱ्या मंडळींचे निदान बहुधा एका शब्दात होते : दात. ज्वर आला तरी दात, हगवण लागली तरी दात, रात्री झोप नाही तरी दातच. हे निदान कितपत खरे आहे, आणि ते चुकले असता त्याचा परिणाम काय होतो, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. उदाहरणे मुख्यतः मुंबई व नवी मुंबई येथील घेतली आहेत. कारण रडणाऱ्या मुलाजवळ कोणी असावयाचे, हा एरवी घरातला वाटणारा प्रश्न ह्या दोन शहरांत गिरणीचा, कचेरीचा आणि कायद्याचा प्रश्न बनला.

प्रथम दातांसंबंधी. दुधाचे दात एकंदर वीस. खालच्या जबड्यातील मधले दोन पटाशीचे दात बहुधा सहाव्या महिन्याच्या सुमारास प्रथम दिसतात. परंतु चौथ्या महिन्यापासून वर्षापर्यंत केव्हाही ते आले तरी त्यात वावगे काही नाही. सर्व दात येण्यास अडीच ते तीन वर्षे लागतात. ह्या काळात मुलाला नेमके काय होते, ह्याची दिवसवार नोंद ठेवून केलेली पाहणी २००० साली क्लीव्हलँड येथील मॅक्निन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १२५ बालकांबाबत प्रसिद्ध केली. लाळ गळणे, हिरड्या चोळणे, मिळेल ते चावणे, चिडचिड, जागरण, घन अन्नाची अनिच्छा आणि शरीराचे उष्णतामान किंचित वाढणे, ही लक्षणे दात वर येण्यापूर्वीचे चार दिवस, तो दिवस व नंतरचे तीन दिवस, अशा आठ दिवसांत अधिक आढळली. परंतु ह्यांपैकी कोणतेही एक लक्षण शेकडा ३५ हून अधिक बालकांत आढळले नाही. आणि १०२ अंश फॅरनहाइटवरील ज्वराचा दातांशी संबंध दिसला नाही. २०१६ साली मासिन्यान प्रभृतींनी अनेक पाहण्या एकत्र करून काढलेला निष्कर्षही ह्याच धर्तीचा आहे : उष्णतामान थोडे चढते, पण त्यास ज्वर म्हणता येत नाही.

२००० सालीच मेलबर्न येथील वेक ह्यांनी पाळणाघरांतील २१ मुलांची रोजची नोंद ठेवविली होती, ती ह्याहून उद्बोधक आहे. दैनिक नोंदींत दात व लक्षणे ह्यांचा लक्षणीय संबंध मिळाला नाही. पण पाहणी संपल्यावर आईबापांना विचारले, तेव्हा आपल्या मुलाला दात येताना त्रास झाला असेच सर्वांनी सांगितले. येथे आईबाप असत्य बोलत होते असे नव्हे. स्मरण हे नोंदवहीप्रमाणे चालत नाही, एवढेच ह्यावरून कळते.

मग हा समज इतका दृढ का? ह्याचे उत्तर सहाव्या महिन्यातच सापडते. आईकडून गर्भावस्थेत मिळालेली प्रतिकारद्रव्ये ह्याच सुमारास ओसरतात, म्हणून सर्दी-ज्वर वाढतात. ह्याच वेळी वरचे अन्न सुरू होते, आणि अस्वच्छ पाणी वा भांडे ह्यांतून हगवणीचा शिरकाव होतो. मूल हाती लागेल ती वस्तू तोंडात घालू लागते. सहा ते आठ महिन्यांच्या दरम्यान ते ओळखीचा व परका चेहरा स्पष्टपणे वेगळा करू लागते, आणि आई दृष्टीआड होताच रडते. ह्या चार-पाच घटना एकाच वेळी घडतात. परंतु डोळ्यांना दिसतो तो फक्त दात. साहजिकच सगळा दोष त्याच्या माथी येतो. हा भ्रम केवळ आपल्याकडचा नाही. इंग्लंड व वेल्स येथील मृत्युनोंदींत १८३९ साली ५,०१६ मृत्यू दात येण्यामुळे झाल्याचे दाखविले आहे. त्या देशात दातांसाठी दिल्या जाणाऱ्या चूर्णांत पारद असे. १९५४ मध्ये ते काढून टाकण्यात आले, आणि हातपाय गुलाबी होऊन सोलवटणारा मुलांचा एक दीर्घ विकार जवळजवळ नाहीसा झाला. दातांच्या औषधानेच दातांचे दुखणे म्हणून समजला जाणारा रोग निर्माण केला होता.

आपल्या प्राचीन वैद्यकाचे मत ह्या संदर्भात पाहण्यासारखे आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात दंतोद्भेदास सर्व रोगांचे कारण म्हटले आहे, हे अनेकांना ठाऊक असते. त्याच ठिकाणी त्याने पुढे दिलेला सल्ला मात्र क्वचितच सांगितला जातो. दात येताना उद्भवणाऱ्या तक्रारींत बालकाला फार जखडू नये, दात आल्यावर त्या आपोआप शमतात, असा त्याचा आशय आहे. काश्यपसंहिता तर ह्याही पुढे जाते. नेपाळचे राजगुरू पंडित हेमराज शर्मा ह्यांच्या संग्रहातील हस्तलिखितावरून हा ग्रंथ १९३८ साली मुंबईच्या निर्णयसागर मुद्रणालयाने प्रसिद्ध केला. त्यात दंतजन्मावर एक स्वतंत्र अध्याय आहे. पण आपल्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे तो वेदनाध्याय. बोलता न येणाऱ्या बालकाला काय दुखते हे कसे ओळखावे, हा त्याचा विषय. कानांकडे वारंवार हात जातो तो कर्णशूळ. स्तन सोडून रडते, उताणे होऊन अंग मोडते, पोट ताठ होते तो उदरशूळ. लाळ फार गळते, स्तन नकोसा होतो, प्यालेले दूध बाहेर येते तो मुखरोग. तपशिलाशी आधुनिक वैद्यक सर्वत्र सहमत होईल असे नाही. परंतु रुदन हा उपद्रव नसून ते निवेदन आहे, आणि ते वाचता येते, ही त्यामागील भूमिका आहे. माझ्या मते बालमानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ह्या अध्यायाकडे केवळ पूर्वजांचा अभिमान म्हणून नव्हे, तर निरीक्षणपद्धती म्हणून पाहावे.

आता रुदनाकडे वळू. ब्रेझल्टन ह्यांनी १९६२ साली ८० निरोगी अर्भकांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यांत दुसऱ्या आठवड्यात दिवसाकाठी सुमारे पावणेदोन तास असलेले रुदन सहाव्या आठवड्यात पावणेतीन तासांपर्यंत चढते आणि मग उतरू लागते. म्हणजे रुदनाचा कळस दातांच्या कितीतरी आधी येऊन गेलेला असतो. सहाव्या महिन्यातील रडणे प्रमाणाने कमी, पण अर्थाने अधिक भरलेले असते. मूल आता कोणाला तरी उद्देशून रडते.

अशा वेळी त्याला उचलावे की रडू द्यावे? उचलल्याने मूल लाडावते, हा इशारा अमेरिकेत वॉटसन ह्यांनी १९२८ च्या आपल्या पुस्तकात शास्त्राच्या अधिकाराने दिला, आणि आपल्याकडे तो ‘हाताची सवय लागेल’ ह्या शब्दांत शास्त्राशिवायच दिला जातो. बेल व एन्सवर्थ ह्यांनी १९७२ मध्ये २६ मातांच्या प्रदीर्घ निरीक्षणावरून उलट निष्कर्ष काढला : ज्यांच्या रडण्यास लवकर प्रतिसाद मिळाला ती मुले वर्षाअखेर कमी रडत होती. ह्या निष्कर्षावर संख्याशास्त्रीय आक्षेप आले. पुढे २००० साली व्हान आयझेंडोर्न व हुबार्ड ह्यांना ५० बालकांत तो तसाच आढळला नाही; क्षुल्लक कुरकुरीकडे थोडे दुर्लक्ष झालेली मुले पुढे कमी रडली, असे त्यांना दिसले. तेव्हा प्रत्येक हुंकाराला धावलेच पाहिजे असे शास्त्र सांगत नाही. परंतु खऱ्या आक्रोशाला उत्तर दिल्याने मूल बिघडते, ह्यासही आधार नाही.

उचलून घेण्याचा परिणाम प्रयोगानेही तपासला गेला आहे. हुन्झिकर व बार ह्यांच्या १९८६ च्या प्रयोगात ज्या मातांना मूल अधिक काळ कडेवर घेण्यास सांगितले, त्यांची मुले सहाव्या आठवड्यात शेकडा ४३ कमी रडली. २०१३ मध्ये एस्पोझितो प्रभृतींनी दाखविले की मूल घेऊन चालू लागताच त्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात; नुसते मांडीवर घेऊन बसल्याने तितके नाही. मूल खांद्यावर टाकून खोलीत येरझाऱ्या घालणाऱ्या आजीने हे कोणत्याही प्रयोगशाळेआधी ताडले होते. २०२२ च्या पुढील प्रयोगात पाच मिनिटे चालणे आणि मूल झोपल्यावर पाच ते आठ मिनिटे बसून मगच खाली ठेवणे, असा क्रम उपयुक्त ठरला.

हिरड्यांसाठी करावयाचे उपाय साधे आहेत. स्वच्छ धुतलेल्या बोटाने हिरडी हलके दाबणे, ओले फडके गार करून चावावयास देणे (गोठवून मात्र नव्हे), हनुवटीवरील लाळ वारंवार टिपणे. बधिरता आणणारे मलम लावू नये. बेंझोकेनमुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटू शकते, म्हणून दोन वर्षांखालील मुलांना ते देऊ नये असा इशारा अमेरिकेच्या औषध-प्रशासनाने २०१८ मध्ये दिला आहे. वर्षाआतील मुलाच्या हिरडीला मध चोळणेही टाळावे, कारण त्यातील जंतूंच्या बीजांमुळे पक्षाघातासारखा विकार उद्भवू शकतो. सहाणेवर उगाळलेल्या बाळगुटीविषयी मतभेद आहेत. परंतु सहाण व पाणी अस्वच्छ असेल तर गुटीतील घटकांचा वाद घालण्यापूर्वीच अपाय झालेला असतो. १००.४ अंशांवरील ज्वर, वारंवार पातळ शौच, किंवा दूध साफ नाकारणे, ह्यांचे खापर दातांवर न फोडता वैद्याकडे जावे.

रुदनाला उत्तर देण्याऐवजी ते बंद करण्याचा मार्ग मुंबईने एकेकाळी फार मोठ्या प्रमाणावर अवलंबिला होता. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात गिरण्यांच्या वाइंडिंग व रीलिंग खात्यांत हजारो स्त्रिया काम करीत. मूल घरी ठेवावे तर सांभाळणार कोण, आणि खाडा करावा तर मजुरी बुडते. ह्यावर तोड म्हणजे अफू मिसळलेली ‘बाळागोळी’. मुंबई सरकारच्या ‘लेबर गॅझेट’ने सप्टेंबर १९२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या माहितीत कामगार स्त्रियांच्या शेकडा ९८ अर्भकांना अफू दिली जात असल्याचे नमूद आहे. अफूने वेदना बधिर होते, श्वास मंदावतो, आतडी सुस्तावतात आणि भूकही मरते. रडणे थांबते त्याबरोबर दुधाची मागणीही थांबते. मूल शांतपणे खंगत जाते. त्या मातांना अडाणी ठरविणे सोपे आहे. पण आठ-दहा तासांची पाळी, जवळ कोणी नाही, आणि पाळणाघराचा पत्ता नाही, ह्या परिस्थितीत त्यांच्यापुढे दुसरा मार्ग कोणता होता?

ना. म. जोशी ह्यांनी मध्यवर्ती विधिमंडळात १९२४ मध्ये मांडलेले प्रसूतिविषयक विधेयक संमत झाले नाही. मुंबई प्रांताने १९२९ मध्ये प्रसूतिलाभाचा कायदा केला, तो देशातील पहिला. १९४८ च्या कारखाने कायद्याने पन्नासाहून अधिक स्त्रिया असतील तेथे पाळणाघर आवश्यक केले. १९७६ मध्ये ही मर्यादा तीसवर आली. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतिरजा १२ वरून २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली.

२६ आठवडे म्हणजे सहा महिने. त्यांपैकी काही प्रसूतीपूर्वी खर्च झाले, तर त्याहूनही कमी. ज्या सुमारास पहिला दात हिरडीतून डोकावतो आणि मूल आईमागे रडू लागते, नेमकी त्याच सुमारास रजा संपते. १९७० नंतर सिडकोने वसविलेल्या नवी मुंबईत ही गाठ ठळक दिसते. वाशी, नेरूळ, बेलापूर, खारघर येथील कितीतरी घरांत आजी गावी असते आणि दोघेही कामावर जातात. मूल पाळणाघरात जाते. शिवाय घरकाम करणाऱ्या स्त्रीला ही रजाही नाही; दुसऱ्याचे मूल सांभाळावयास ती जाते तेव्हा तिचे स्वतःचे शेजारणीकडे असते.

नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघर येथील एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बालिकेला सेविकेने मारहाण केल्याचे कॅमेऱ्याच्या चित्रणातून उघड झाले, आणि महाराष्ट्र हादरला. चर्चा कॅमेरे, परवाने व शिक्षा ह्यांभोवती फिरली, आणि त्या गोष्टी आवश्यकच होत्या. पण पाळणाघरातील सेविकेला रुदनाविषयी काय शिकविले जाते, तिच्या एकटीच्या अंगावर किती मुले असतात, आणि रडण्याने तिचा संयम सुटू लागला तर मूल सुरक्षित जागी ठेवून पाच मिनिटे बाजूस होण्याची तिला मुभा आहे काय, हे फारसे विचारले गेले नाही. बार व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखविले आहे की गदागदा हलविल्याने मेंदूला इजा होऊन रुग्णालयात येणाऱ्या अर्भकांच्या वयाचा आलेख रुदनाच्या आलेखाच्याच आकाराचा असतो, फक्त काही आठवडे मागे सरकलेला. रुदन हे अशा इजेचे निमित्त ठरते, ते ह्या अर्थाने.

मेलबर्नच्या पाहणीस लागलेली साधने अल्प होती : एक उष्णतामापक, हिरड्यांची नियमित तपासणी आणि रोज भरावयाची एक नोंदवही. नवी मुंबईतील पाळणाघरांत अशी वही ठेवता येईल. सकाळचे उष्णतामान, दूध किती घेतले, शौच किती वेळा, रडणे केव्हा सुरू झाले व कशाने थांबले, नवा दात दिसला असल्यास त्याची तारीख, एवढे रकाने पुरेत. आई संध्याकाळी मुलाला न्यावयास येते तेव्हा ‘आज फार रडत होता, दात येत असतील’ ह्या वाक्याऐवजी ते पान तिच्या हाती द्यावे. पदव्युत्तर प्रबंधासाठी विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्याला सहा महिन्यांत अशा दोन-तीन पाळणाघरांच्या वह्या जमविणे अशक्य नाही.