गुंडावरचं एक अक्षर

शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात माहेरी, डोणगावला गेले होते. भाचीचा नवा गणवेश शिवून आला होता, पण खिशावर मोनो लावायचं शिंपीदादा विसरले. "आत्या, तू लावून दे न," म्हणत ती जवळ येऊन बसली. मी सुई ओवतेय तोच प्रश्न आला, "मोनो म्हणजे काय व?" मी म्हटलं, "मोनोग्राम." "मंग मोनोग्राम म्हणजे?" झालं! शिकलेली आत्या गप्प.

रात्री शब्दकोश काढून बसले. शाळेचा बिल्ला, बँकेची खूण, पोलिसांच्या टोपीवरचं चिन्ह, या सगळ्याला आपण सरसकट मोनोग्राम म्हणतो. मूळ अर्थ मात्र नेमका आहे. ग्रीक भाषेत 'मोनोस' म्हणजे एक, एकटा. गॅदरिंगमधल्या मोनोअ‍ॅक्टिंगमधला मोनो तोच. आणि 'ग्रामा' म्हणजे अक्षर. आपल्या 'ग्राम'शी, म्हणजे गावाशी, त्याचा संबंध नाही. वाण्याकडचा शंभर ग्रॅममधला ग्रॅम मात्र याच 'ग्रामा'चा वंशज! तर मोनोग्राम म्हणजे दोन-तीन अक्षरं एकमेकांत गुंफून केलेलं एकच अक्षर. सुटी लिहिली तर ती नुसती आद्याक्षरं.

प्राचीन ग्रीक नगरं आपल्या नाण्यांवर अशी गुंफलेली अक्षरं पाडत. ती चाल आपल्याकडेही आली. 'मिलिंदप्रश्न' ग्रंथातला मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, त्याच्या नाण्यांवर असे मोनोग्राम आहेत. युरोपातला शार्लमेन राजा (मृत्यू ८१४) मोठेपणी लिहायला शिकू पाहत होता, पण हात काही वळला नाही. त्याच्या नावाची अक्षरं क्रुसाच्या आकारात कारकून मांडून ठेवत आणि राजा मधली एखादी रेघ ओढून सही पुरी करी, असं मानतात. आपल्या अंगठ्यासारखंच की! मुंबईच्या जुन्या व्हिक्टोरिया टर्मिनसवर, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर, जीआयपी रेल्वेची गुंफलेली इंग्रजी अक्षरं दिसतात. पुढच्या खेपेला गाडीची घाई नसेल तर जरूर बघा.

पण राजे आणि रेल्वे सोडा, घरातल्या बायकांनी हे काम कितीतरी जास्त केलंय. युरोपातल्या मुली लग्नाआधी चादरी-टॉवेलांवर, बहुतेकदा लाल दोऱ्याने, आपली अक्षरं भरत. पुष्कळ ठिकाणी ती माहेरच्या नावाची असत. कारण साधं होतं. धुणं एकत्र जायचं, तेव्हा आपलं कापड ओळखू यावं.

आमच्याकडे हेच भांड्यांचं. आजी सांगायची, "लग्नात साऱ्या गावाचे भांडे एका जागी येते. मंग आपला गंज कोनता, हे कसं समजते?" हातोडी-छिन्नी घेऊन दारावर येणारा माणूस ठिपक्याठिपक्यांनी नाव टाकून द्यायचा. अक्षरागणिक पैसे, म्हणून नावं आखूड. गंज, गडवे, कोपर, सगळ्यांवर आजोबांची अक्षरं. फक्त एका पितळी गुंडाच्या गळ्याशी एकच अक्षर होतं, 'द्वा'.

आमच्या घरात 'द्वा'चं कुणीच नव्हतं. लहानपणी एकदा विचारलं, "आजी, हे कोनाचं?" ती म्हणाली, "माह्यंच. माह्या मायच्या घरचं." लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं गेलं आणि सगळे तिला त्याच नावाने ओळखू लागले. जुनं नाव रेशनकार्डावर नाही, मतदारयादीत नाही, सातबाऱ्यावर तर नाहीच नाही. तिचा भाऊ गेल्यावर त्या नावाने हाक मारणारंही कुणी उरलं नाही. पुढे घरात स्टील आलं आणि पितळ मोडीत निघालं. कधी कुणाला 'नाही' न म्हणालेली आजी त्या दिवशी गुंडावर हात ठेवून बसली. "हा नाई देत म्या." गुंड अजून ओसरीत आहे.

भरतकाम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवते. इंग्रजी पद्धतीत तीन अक्षरांपैकी आडनावाचं मधे आणि मोठं काढतात, नावाचं डावीकडे. आपल्याला ही उसनवारी कशाला? देवनागरीत शिरोरेषा आयतीच सगळ्यांना धरून ठेवते आणि जोडाक्षर म्हणजे तर घरचाच मोनोग्राम. 'द्वा'मध्ये द आणि व कसे मिसळलेत बघा. कार्बनने अक्षर उतरवा, कड दांडी टाक्याने, पोट भरीव टाक्याने भरा. साखळी टाका शक्यतो नको, बारीक वळणावर तो जाडा दिसतो.

आता अक्षरांत आणखी एकाची भर पडली आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या नावात आपल्या राज्याने सरकारी कागदांसाठी क्रम ठरवून दिला आहे: बाळाचं नाव, आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. धाकट्या भावाची मुलगी त्यानंतरची. तिच्या दुपट्यासाठी चार अक्षरं गुंफून बघत होते. दुसऱ्या अक्षराशी वहिनीने थांबवलं. लग्नात तिचंही नाव बदललेलं.

"ताई, कागदावर काही असो. इथं माह्यं कोनतं टाकता? इथलं का माहेरचं?"

मी म्हटलं, तूच सांग. तिने जरा वेळ ओसरीकडे पाहिलं, माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि माहेरचं अक्षर काढलं. दोऱ्याचा रंग अजून ठरायचा आहे.