अरुण कोलटकर : चित्र, पखवाज आणि स्वतःचे छापखाने

मराठीच्या अभ्यासक्रमात अरुण कोलटकर (१९३२-२००४) हे केवळ कवी म्हणून भेटतात. त्यांची चित्रकला व संगीत ‘छंद’ या एका शब्दात उरकले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते ही वाटणीच सदोष असून, या तिन्ही अंगांचा एकत्रित विचार केल्याशिवाय त्यांच्या प्रकाशनव्यवहाराचा उलगडा होत नाही.

कोल्हापुरात जन्मलेल्या कोलटकरांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिक्षण घेतले व जाहिरातक्षेत्रात उपजीविका केली. कमर्शियल आर्टिस्ट्स गिल्डचा पुरस्कार त्यांना सहा वेळा मिळाला. अक्षराचा आकार, पानावरील मोकळी जागा, मुखपृष्ठ ही त्यांची रोजची भाकरी होती. साहजिकच आपले पुस्तक परक्या हाती सोपविण्याची त्यांना गरज वाटली नाही. १९५० च्या दशकात दिलीप चित्रे आदी मित्रांसह त्यांनी ‘शब्द’ हे अनियतकालिक सायक्लोस्टाइल करून काढले. स्टेन्सिल कापावयाची, यंत्राचा दांडा फिरवावयाचा, प्रती ओळखीच्यांत वाटावयाच्या, असा तो अल्पखर्ची मार्ग. (पुढे आपल्या औरंगाबादेतून निघालेले ‘वाचा’ याच चळवळीतील.) १९७६ साली आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा व गिव्ह पटेल यांच्यासह त्यांनी ‘क्लिअरिंग हाउस’ ही कवींची सहकारी प्रकाशनसंस्था उभारली. तिने काढलेल्या ‘जेजुरी’स १९७७ चा राष्ट्रकुल काव्यपुरस्कार लाभला. मराठी संग्रह मात्र अशोक शहाणे यांच्या ‘प्रास प्रकाशना’कडे राहिले, त्यांपैकी ‘भिजकी वही’स २००५ साली मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

संगीताची बाजू अधिक उपेक्षित आहे. अर्जुन शेजवळ यांच्याकडे ते पखवाज शिकले. त्यांनी इंग्रजी गीते रचली आणि सत्तरच्या दशकात काही ध्वनिमुद्रितही केली. पण गायक म्हणून त्यांना बाजारपेठ लाभली नाही. ‘द बोटराइड’ (२००९) या संग्रहामुळे त्या गीतांचे शब्द ग्रंथालयात पोहोचले, आवाज पोहोचला नाही.

याहून अवघड प्रश्न ‘द पोलिसमन’चा. ‘प्रास’ने २००५ साली काढलेले हे पुस्तक म्हणजे तेरा प्रवेशांचे निःशब्द नाटक, केवळ रेखाचित्रांत सांगितलेले. शब्दच नसल्याने ना ते मराठी विभागाचे, ना इंग्रजीचे. आणि चित्रकथा म्हटली की आपल्याकडे ती बालवाङ्मयाच्या कपाटात जाते. करमाडसारख्या ठिकाणी शिकणाऱ्या, घरात पुस्तकांची सवय नसलेल्या विद्यार्थ्याला कोलटकरांकडे नेण्यासाठी हेच पुस्तक सर्वांत सोपे दार ठरावे, आणि नेमके तेच अभ्यासक्रमाबाहेर राहते.