दिवस न मावळणारे गाव

"सांजवात केव्हा लावतोस रे?" गेल्या जूनमध्ये आमच्या आईने नातवाला फोनवर विचारले. माझा हा भाचा नॉर्वेतल्या ट्रॉम्सो गावी शिकायला आहे. तो हसून म्हणाला, "आजी, इथे सांजच होत नाही! झोपायचे तर खिडकीला जाड पडदे लावावे लागतात."

आईला ते पटेना. तिचेही चुकले नव्हते. मराठीत आपण सूर्यालाच 'दिवस' म्हणतो. दिवस उगवतो, दिवस मावळतो. जिथे दिवस मावळतच नाही, ते गाव तिने खरे कसे मानावे?

मग मी समई लावली, एका मोसंब्यात विणकामाची सुई खुपसली आणि ती समईकडे कलती धरून मोसंबे फिरवले. वरच्या टोकाजवळची जागा उजेडातून बाहेर जाईचना! पृथ्वीचा आस असाच साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. म्हणून साडेसहासष्ट अक्षांशांच्या उत्तरेला उन्हाळ्यात सूर्य क्षितिजाखाली न जाता आकाशात प्रदक्षिणा घालतो. मध्यरात्री तो उत्तरेला, सर्वांत खाली दिसतो. ट्रॉम्सोत हा सोहळा सुमारे २० मे ते २२ जुलै चालतो. स्वालबार्ड बेटांवरच्या लाँगइयरब्येनला तो चार महिने असतो, आणि प्रत्यक्ष ध्रुवावर तर सहा महिन्यांचा एकच दिवस!

या सूर्याशी आपलेही जुने नाते आहे. ऋग्वेदातली उषा फार लांबलेली आहे, अशी पहाट ध्रुवाजवळच संभवते, तेव्हा आर्यांचे मूळ घर तिकडेच असावे, असा तर्क लोकमान्य टिळकांनी १९०३ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथात मांडला. विद्वानांनी तो मान्य केला नाही. पण पुण्यात बसून ध्रुवावरची पहाट डोळ्यांपुढे आणणाऱ्या त्या बुद्धीचे मला अजून नवल वाटते.

आई मात्र मोसंब्याकडेच पाहत होती. तिने सुई समईपासून उलट कलवली. टोक अंधारात गेले.

"आणि हे केव्हा?"

"नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत. तेव्हा तिथे सूर्य उगवतच नाही."

ती गप्प झाली. यंदा भाच्यासाठी फराळाचा डबा बांधताना चकल्यांच्या शेजारी कागदात गुंडाळलेल्या चार पणत्या दिसल्या. मी काही विचारण्याआधीच ती म्हणाली, "दिवाळी संपली तरी लावत जा म्हणावे."